उजेड अडला कुठे?

बडोद्याला माझी थोरली बहीण दिलेली आहे. लग्नाला चाळीसेक वर्षं होऊन गेली, पण माझ्याशी ती अजून कोंकणीतूनच बोलते. घरात मराठी, दारात गुजराती आणि भाऊ आला की कोंकणी, असा तिचा संसार. भावोजींचं घराणं गायकवाडी. म्हणजे राजघराणं नव्हे हो! त्यांचे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या अमदानीत कारकुनी करायला आले आणि दांडिया बाजारच्या बाजूला स्थिरावले, एवढंच. घर जुनं, दुमजली, आणि वर ऐसपैस गच्ची. भावोजी गच्चीला 'अगाशी'च म्हणतात. निवृत्त झाल्यापासून त्यांचा अर्धा दिवस त्या अगाशीवर जातो, कारण तिथं त्यांचं 'ग्रीनहाऊस' आहे.

२०२५च्या संक्रांतीला मी तिथं होतो. संक्रांत हा आपला शब्द. बडोद्यात त्या दिवशी सगळं गाव उत्तरायणाच्या नावानं अगाशीवर चढलेलं असतं. दोन दिवस खाली रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि वर आकाशात जागा मिळत नाही. 'काय पो छे'च्या आरोळ्या, उंधियू, जिलेबी, आणि मांज्यानं कापलेली बोटं. गोव्याच्या माणसाला हे सगळं जरा अतीच वाटतं. आमची संक्रांत कशी, सुवासिनींचं हळदीकुंकू, वाण, तिळगूळ, आणि पुरुषांनी घरात गुमान बसायचं.

तर ताईच्या घरी दोन्ही असतं. वर उत्तरायण आणि खाली हळदीकुंकू. आणि त्या वर्षी या दोहोंच्या मध्ये एक भांडण होतं, ते कुंड्यांवरून.

हल्ली वाणात काय लुटायचं हा बायकांपुढचा मोठाच प्रश्न झाला आहे. पूर्वी बांगड्या, कुंकवाचे करंडे, कंगवे, फार तर स्टीलची वाटी. मग प्लास्टिकचे डबे आले आणि प्रत्येक घरात त्यांचे ढीग साठले. आता काही वर्षांपासून छोट्या कुंडीतलं छोटंसं मांसल पानांचं झाड द्यायची टूम निघाली आहे. बाजारात त्याला 'सक्युलंट' म्हणतात, आणि आता बायकाही तसंच म्हणतात. दिसायला गोजिरवाणं, कमळासारखं पानांचं चक्र, पाणी फारसं नको, माती सांडत नाही. ताईनं गणपतीतच भावोजींना सांगून ठेवलं होतं की यंदा वाण विकतचं नको, एकावन्न झाडं घरची करून द्या. भावोजींनीही मनावर घेतलं. या झाडांचं एक बरं असतं. एचेवेरिया म्हणा, ग्रॅप्टोपेटलम म्हणा, त्यांचं एक पान देठापासून अलगद काढून कोरड्या मातीवर नुसतं ठेवलं की काही आठवड्यांत त्याच्या बुडाला तांबूस मुळं आणि मग मोहरीएवढं रोप दिसायला लागतं. जुनं पान आपलं सगळं पाणी त्या रोपाला देऊन सुरकुतून जातं. भावोजींनी चाळणीत साठ-सत्तर पानं मांडली, त्यातली बहुतेक जगली, दिवाळीपर्यंत ती रुपयाच्या नाण्याएवढी झाली.

आणि दिवाळीनंतर बिघडली. मी संक्रांतीच्या आदल्या दिवशी पोचलो तेव्हा ताईनं पिशवी खाली ठेवायच्या आधी मला वर नेलं आणि म्हणाली, "पळय, हीं झाडां काय वाली रे?"

खरंच वेलीच झाल्या होत्या. कमळाचं चक्र मोडून मधला दांडा बोटभर वर आलेला, पानं एकमेकांपासून दूर दूर, रंग उडून फिकट पोपटी, आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कललेल्या. रांगेत उभी असलेली पोरं खिडकीबाहेरची वरात बघायला मान काढतात तशा. यांतलं एकही वाणात देण्याच्या लायकीचं नव्हतं.

भावोजींचं उत्तर तयार होतं. "थंडीचे दिवस आहेत रे. हिवाळ्यात उजेड कमीच असतो, झाडं अशी ताणतातच." आणि त्यांनी मला पुस्तक दाखवलं. इंग्रजी, गुळगुळीत कागदाचं, विलायतेत छापलेलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की नोव्हेंबर ते फेब्रुवारी ग्रीनहाऊसमध्ये प्रकाश अपुरा असतो, पाणी जवळजवळ बंद करा, जमल्यास कृत्रिम दिवे लावा. भावोजी शिस्तीचा माणूस. त्यांनी पाणी बंद केलं होतं, आणि डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून एल.ई.डी.च्या दोन पट्ट्या टांगून त्या रात्री बारापर्यंत पेटत्या ठेवल्या होत्या. तरी झाडं बिघडत होती म्हणून ते आणखी दोन पट्ट्या आणायच्या विचारात होते.

मला हसू आलं. पण ते दाबलं, कारण असाच शहाणपणा मी स्वतः गोव्यात करून बसलेलो आहे. ते पुढे येईलच.

पुस्तक खोटं नाही. ते लंडनच्या माणसानं लंडनच्या माणसासाठी लिहिलं आहे. डिसेंबरच्या एकवीस-बावीस तारखेला लंडनमध्ये दिवस पावणेआठ तासांच्या आसपासचा असतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून अवघा पंधरा अंश वर येतो. त्यात ढग आणि धुकं. काचेच्या घरात कोंडलेल्या झाडाला तिथं खरोखरच उजेडाची भीक मागावी लागते. आता बडोद्याचं बघा. त्याच दिवशी इथं दिवस पावणेअकरा तासांचा असतो, दुपारचा सूर्य चव्वेचाळीस अंशांवर असतो, आणि आकाशात महिनाभर औषधालाही ढग नसतो. आमच्या पणजीत तर तो दिवस अकरा तासांहूनही थोडा मोठा. याला जर उजेडाची टंचाई म्हणायची तर सुकाळ कशाला म्हणणार? उलट या झाडांच्या मूळ गावी, मेक्सिकोच्या डोंगराळ भागात, असतं तसं कोरडं स्वच्छ ऊन आणि थंड रात्र ही बडोद्याला मिळते ती याच दिवसांत. पुस्तक ज्या महिन्यांत झाडाला झोपवायला सांगतं ते इथले त्याच्या वाढीचे महिने आहेत. भावोजींनी ऐन वाढीच्या दिवसांत पाणी तोडलं होतं.

मग माना का ताणल्या? उजेड तर मिळत नव्हता हे झाडं स्वतःच सांगत होती. झाड खोटं बोलत नाही.

उत्तर मिळालं ते पतंगामुळे. ग्रीनहाऊसच्या पूर्वेच्या कोपऱ्यात आदल्या वर्षीच्या उत्तरायणात कुणाचातरी मांजा अडकून हिरव्या जाळीला हातभर चीर पडली होती आणि ती शिवायची राहून गेली होती. त्या चिरेखाली सात-आठ कुंड्या होत्या. त्यांतली झाडं बसकी, घट्ट, पानांच्या टोकांना लाली आलेली. हुबेहूब बाजारातल्यासारखी! एकच माती, एकच पाणी, एकच हिवाळा. फरक फक्त जाळीच्या भोकाचा.

भावोजींनी ती जाळी मार्चमध्ये बांधली होती आणि ते योग्यच होतं. बडोद्याच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा या नाजूक झाडांना पाऊण सावली हवीच. पण पंचाहत्तर टक्क्यांची जाळी म्हणजे चौथाईच ऊन आत येणार. त्यावर पावसासाठी घातलेलं प्लास्टिक, त्यावर वर्षभराची धूळ. (बडोद्याची धूळ हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) बोटानं त्या प्लास्टिकवर रेघ ओढली तर खालून आकाश निळं दिसलं, तोवर ते करडं होतं. मार्चची गरज जानेवारीतही तशीच टांगलेली होती, आणि दोष मात्र हिवाळ्यावर चालला होता.

ही झाडं ताणतात का, तेही सांगायला हवं. झाडाला उजेड कमी पडला की त्याला वाटतं आपण कशाच्यातरी खाली दबलोय. मग ते पानं जाड करायचं सोडून दांडा लांबवतं, उजेडाच्या दिशेनं धावत सुटतं. साध्या रोपात हे फारसं डोळ्यांत भरत नाही, पण पानं एकावर एक रचून बसणाऱ्या झाडात लगेच दिसतं. आणि एकदा लांबलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही, कितीही उन्हात ठेवा.

आता 'ग्रीनहाऊस' या शब्दाकडे वळतो, कारण माझ्या मते सगळा घोळ तिथं आहे. थंड देशात काचघर बांधतात ते ऊब आणि उजेड आत कोंडण्यासाठी. आपल्याकडे बांधतात ते ऊन बाहेर ठेवण्यासाठी. दोन्हींना एकच नाव! बडोदे हे या बाबतीत नमुनेदार गाव आहे. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी सयाजीबाग उभारली, तिला लोक कमाटी बाग म्हणतात. लक्ष्मीविलास राजवाड्याची बाग विल्यम गोल्डरिंगनं आखली. लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला गुस्टाव्ह हेर्मान क्रुम्बिगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत आला. पुढे बंगळुरूच्या लालबागेमुळे त्याचं नाव झालं. म्हणजे विलायती बागकामाची विद्या या गावात सव्वाशे वर्षांपूर्वीच येऊन दाखल झालेली आहे. त्या माणसांना नावं ठेवायचं मला कारण नाही. त्यांनी लावलेल्या झाडांच्या सावलीत अर्धं बडोदं आजही सकाळी फिरतं. शिकलेला माळी नव्या गावात आला की आधी आकाश बघतो. छापील पुस्तकाला ते जमत नाही.

आणि आपण पुस्तकाचे भक्त! आमच्या गोव्यात तर विचारूच नका. मी स्वतः काय केलं ते ऐका. सात-आठ वर्षांपूर्वी पणजीच्या एका प्रदर्शनातून मी अशी बाराएक झाडं आणली. 'जून ते सप्टेंबर वाढीचा काळ, नियमित पाणी द्या' असं त्यांच्याबरोबरच्या चिठ्ठीवर होतं, ते मी इमानेइतबारे पाळलं. आमचा जून म्हणजे काय ते गोंयकाराला सांगायला नको. वर्षाच्या सव्वाशे इंच पावसातला बहुतेक सगळा या चार महिन्यांत. तेव्हा दिवस असतो तेरा तासांचा, वर्षातला सर्वांत मोठा, पण आकाशाला झाकण घातलेलं. रात्रही उबदार, दमट, भिंतीला हात लावला तर ओला होतो. माझी झाडं आषाढात ताणली, श्रावणात पारदर्शक झाली आणि चवथीच्या आधी त्यांचा चिखल झाला. बारापैकी एक वाचलं, तेही पडवीच्या वळचणीखाली मी विसरून गेलो होतो म्हणून.

माझा मुद्दा हाच आहे. पश्चिम किनाऱ्यावर उजेडाचा दुष्काळ पडतो तो पावसाळ्यात. लंडनचा डिसेंबर आपल्याकडे आषाढ-श्रावणात येतो. पुस्तकातले जे नियम त्यांच्या हिवाळ्यासाठी आहेत ते आपण जून ते सप्टेंबर लावावेत: पाणी तोडावं, जाळी काढून वर स्वच्छ प्लास्टिक घालावं, चारी बाजू उघड्या ठेवून वारा खेळू द्यावा, दिवे लावायची हौस असेल तर तेव्हा लावावे. आणखी एक गोष्ट पुस्तकात असणं शक्यच नाही. गोव्यात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो. म्हणजे हिवाळ्यात ऊन देणारी दक्षिणेची गॅलरी पावसाळ्यात, ढग फाटले तरी, दुपारी आंधळीच. तेव्हा कुंड्या उत्तरेला हलवाव्या लागतात. आमच्या जुन्या घरांतल्या बायका तुळशीपलीकडच्या कुंड्या पावसाच्या तोंडावर इकडून तिकडे का हलवतात ते मला या झाडांमुळे कळलं.

यात कुणी म्हणेल की मग ही परदेशी थेरं हवीतच कशाला, आपली देशी झाडं लावावीत. हा युक्तिवाद मला ऐकायला आवडतो, पण तो टिकत नाही. आपली म्हणून आपण जी मांसल झाडं ओळखतो त्यांची जन्मपत्रिका काढून बघा. फड्या निवडुंग अमेरिकेचा. घायपात मेक्सिकोची. अंगणातला 'ऑफिस टाइम', म्हणजे तो दहा वाजता फुलणारा चिनी गुलाब, दक्षिण अमेरिकेचा. पोट दुखलं, लागलं-खुपलं की जिचा पाला काढतात ती पानफुटी मादागास्करची. दारावर उलटी टांगली तरी महिनोन् महिने जिवंत राहणारी कोरफड अरबस्तानाकडची. या कोरफडीचा वाळवलेला रस, काळा बोळ, हा तर जुन्या दर्यावर्दी व्यापारातला मोठा माल होता. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्तांच्या औषधी वनस्पतींवरच्या संवादग्रंथात प्रास्ताविक संपल्यावर पहिलाच विषय येतो तो या बोळाचा, आणि त्यात सोकोत्राचा माल उत्तम असं सांगताना खंबायतचंही नाव येतं. खंबायत म्हणजे आजचं खंभात, बडोद्यापासून शंभर किलोमीटरच्या आत! गोव्याचा छापखाना आणि गुजरातचा किनारा असे एका मांसल पानानं जोडलेले आहेत, आणि ते पानही दोघांचं नव्हे.

पानफुटीची गोष्ट तर त्याहून मजेदार. बेंजामिन हाइन नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या नोकरीत होता. त्यानं पानफुटीचं पान सकाळी चावून पाहिलं तर आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडसर. १८१३च्या सुमारास त्यानं हे पत्रानं लंडनला कळवलं. त्याचं कारण पुढे शंभराहून अधिक वर्षांनी नीट उलगडलं. ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात, पाणी उडू नये म्हणून. रात्रीच्या गारव्यात छिद्रं उघडून हवेतला कर्बवायू आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दुसऱ्या दिवशी ऊन आलं की त्या आम्लातून साखर करतात. म्हणजे रात्र ही त्यांची बाजारहाट आणि दिवस हा स्वयंपाक. रात्र गार असली तर बाजार चांगला होतो, दिवस लख्ख असला तर स्वयंपाक चांगला होतो. बडोद्याच्या जानेवारीत दोन्ही असतं, गोव्याच्या जुलैत दोन्ही नसतं. याहून सोपं स्पष्टीकरण मला ठाऊक नाही.

अस्सल आपलं म्हणावं असं एक झाड आहे: शिंदळ माकुडी. शिवनेरीच्या कड्यावर सापडतं म्हणून त्याला 'शिवसुमन' असंही सुंदर नाव मिळालं. डाल्झेलनं १८६०च्या दशकात त्याची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याचं नाव त्याला दिलं. सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांखेरीज ते जगात कुठेही आपसूक उगवत नाही, मात्र युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या काचघरांत ते हमखास आढळतं. बोटाएवढी मांसल फांदी, उन्हाळ्यात निष्पर्ण, पाऊस पडला की पानं आणि मग मखमली तांबडं चांदणीसारखं फूल. हे झाड पावसाळ्यातच वाढतं. मग ते कुजत कसं नाही? कारण कड्याच्या कपारीत पाणी थांबत नाही आणि समोर अख्खं आकाश उघडं असतं. ढगाळ का असेना, पण चहूकडचा उजेड. पाऊस वाईट नाही. साचलेलं पाणी आणि झाकलेलं आकाश यांची जोडी वाईट.

असो. बडोद्याच्या अगाशीवर परत जाऊ, कारण तिथलं सगळं दुखणं जाळीचं नव्हतं.

उत्तरायणाच्या दिवशी जाळी काढायची ठरली. (एकदम नव्हे. सावलीत वाढलेलं झाड एकाएकी उन्हात काढलं तर पानं भाजतात, म्हणून आधी सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू दुपारचं.) जाळी गुंडाळून बघतो तो काय, अकरा वाजले तरी अगाशीच्या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात ऊन नाही. तिकडे नवी सातमजली इमारत उभी होती. आधीच्या वर्षी तिथं नुसते खांब होते, त्याच्या आधी एक वाडा होता. भावोजींच्या लहानपणी त्या वाड्यात गणपतीला दीड दिवस आरत्या चालत आणि दत्तजयंतीला प्रसादाला अख्खी गल्ली. मालकांची मुलं कोण पुण्यात, कोण परदेशात. वाडा विकला गेला. त्यात कुणाचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आम्ही तरी गोव्यातली घरं काय करतोय?

एकवीस मीटर उंचीची इमारत मेमध्ये दुपारी कुणाच्या अध्यातमध्यात येत नाही, सूर्य जवळपास डोक्यावर असतो. पण डिसेंबर-जानेवारीत तिची दुपारची सावली सुमारे तिच्या उंचीएवढी, म्हणजे वीसएक मीटर पडते, आणि सकाळी नऊला त्याच्या दुपटीहूनही जास्त. भावोजींचं ग्रीनहाऊस अगाशीच्या दक्षिण टोकाला, बरोबर तिच्या तोंडात. उन्हाळ्यात इमारत दिसतच नव्हती. तिनं हिवाळा खाल्ला. ताई म्हणाली, "थंडीत केस सुकवायला, पापड घालायला मी वर येत नाही दोन वर्षं झाली, माझ्या लक्षातच आलं नाही का ते."

इथं रूपक करायचा मोह होतो. सयाजीरावांनी ज्या गावात मराठी, गुजराती दोन्हींना ग्रंथ दिले, जिथं २०१८ मध्ये पुन्हा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तिथं भावोजींचा नातू मराठी समजतो पण उत्तर गुजरातीत देतो, त्याच्यावर कुठल्या इमारतीची सावली पडली, वगैरे. मी हे त्या संध्याकाळी भावोजींना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "अरे, पोरगा चार भाषा बोलतो. तुझी नात किती बोलते?" मी गप्प बसलो. माझी नात इंग्रजी बोलते. तेव्हा रूपक राहू दे.

इमारत हलणार नव्हती, म्हणून ग्रीनहाऊस हलवलं. उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, वाशी उत्तरायणाला, पतंगाला आलेल्या चार पोरांना हाताशी धरून लोखंडी सांगाडा अगाशीच्या उत्तर टोकाला सरकवला. प्लास्टिक काढून मोरीत घासलं. जाळीला कड्या लावल्या, पडद्यासारखी ओढता येईल अशी; होळीनंतर ओढायची, पावसाची पहिली मोठी सर आली की गुंडाळायची, ऑक्टोबरच्या उन्हात थोडी, आणि दिवाळीनंतर पुन्हा नाही. एल.ई.डी.च्या पट्ट्याही उतरवल्या. त्यांचा एक प्रताप तोवर कुणाच्या ध्यानात आला नव्हता. भावोजींकडे कलांचोच्या पाच कुंड्या आहेत, पानफुटीच्याच गोतातलं लाल-पिवळ्या झुपक्यांचं झाड. शेजारणीची कलांचो फुलानं लवली होती, यांच्याकडे एक कळी नाही. या झाडाला रोज बारा-तेरा तासांची सलग काळोखी रात्र लागोपाठ काही आठवडे मिळाली तरच फुलायचं कळतं. रात्री बारापर्यंत दिवे जळत असल्यावर त्याच्या हिशेबी हिवाळा आलाच नव्हता!

आता राहिलं वाण. ताणलेल्या झाडांचं शेंडे छाटण्याखेरीज दुसरं काही करता येत नाही. वरचं चक्र दांड्यासकट कापायचं, काप दोन-चार दिवस सावलीत सुकू द्यायचा, मग कोरड्या मातीत खोचायचं. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. उरलेल्या खुंटालाही बाजूनं पिलं फुटतात. भावोजींनी साठही झाडांची मुंडकी एका बैठकीत उडवली. त्या वर्षी रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे हातात तीन आठवडे. हळदीकुंकू तोवर चालतं खरं, पण मुळं न धरलेलं झाड वाणात द्यायला ताई तयार होईना. "सवाष्णीला उपटून येणारं झाड देऊ?" यावर भावोजींकडे उत्तर नव्हतं.

शेवटी तिनं काय केलं? मागच्या अंगणात नळाजवळ पानफुटीचं रान माजलेलं होतं, कंदिलासारख्या फुलांचे तुरे लागलेले. तिनं त्याची एकावन्न मोठी पानं तोडली, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत एक-एक घातली, वर कुंकवाचं बोट लावलं आणि तिळगुळाबरोबर तीच वाटली. मी त्या दिवशी आतल्या खोलीत होतो, पण बाहेरचा गलका ऐकू येत होता. "वैनी, हे काय, भाजी करायची का?" ताई प्रत्येकीला सांगत होती, मातीवर नुसतं ठेव, पाणी घालू नको, उजेडात ठेव, कडेच्या प्रत्येक खाचेतून रोप येईल. बऱ्याच जणी हसल्या. एक तरुण सून मात्र पाकीट उघडून पान उजेडासमोर धरून बघत होती, असं ताईनं नंतर सांगितलं.

मी गोव्याला येताना दोन पानं कागदात गुंडाळून आणली. त्यांना आता कुंडीभर पोरं झाली आहेत. भावोजींच्या छाटलेल्या झाडांपैकी चौपन्न जगली. परवा ताईचा फोन आला होता, त्यांना नवीन चाळणी हवी आहे आणि यंदा त्यांनी पानं नवरात्रात नव्हे, गणपतीच्याही आधी मांडायची म्हणून पंचांग काढलं आहे. मी म्हटलं, पंचांग राहू दे, आधी अगाशीवर जाऊन सावली कुठवर येते ती खडूनं आखून ठेवा म्हणावं.